माउंटन लायन समोर आला तर काय करायचं

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत, म्हणजे कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, युटा, ओरेगन, वॉशिंग्टन या पट्ट्यात, डोंगराला लागून घर घेतलेली किंवा शनिवार-रविवारी हाईकला जाणारी मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. ट्रेलच्या तोंडाशी माउंटन लायनची पाटी असते आणि बहुतेक जण ती न वाचताच पुढे जातात. 'पळू नका, मोठे दिसा, ओरडा' एवढं सगळ्यांना माहीत असतं. प्रत्यक्षात माणूस अडतो तो तपशिलात. दगड उचलायला वाकायचं की नाही? कुत्र्याचं काय करायचं? तो निघून गेल्यावर पुढे जायचं की मागे फिरायचं? म्हणून इथे तपशिलावरच जास्त भर दिला आहे.

आधी त्याची शिकारीची पद्धत

माउंटन लायन, कूगर आणि पुमा ही मांजरकुळातल्या एकाच मोठ्या प्राण्याची नावं. कॅनडातल्या युकॉनपासून थेट चिलीच्या दक्षिण टोकापर्यंत तो आढळतो. नर साधारण ५० ते ७० किलोचा, मादी ३० ते ५० किलोची. मोठ्या जनावराच्या अंगावर ठिपके नसतात, रंग फिकट तपकिरी. शेपूट लांब आणि जाड, शरीराच्या एकूण लांबीच्या जवळजवळ एक तृतीयांश. आखूड शेपटीचं, कानांवर केसांचे झुपके असलेलं मांजर दिसलं तर तो बॉबकॅट. त्याच्याशी या लेखाचा संबंध नाही.

पुमाला डरकाळी फोडता येत नाही, त्यामुळे तो जवळ आहे हे आवाजावरून कळेल अशी आशा ठेवू नका. तो दबा धरतो, शक्य तितका जवळ सरकतो आणि शेवटचं थोडं अंतर झपाट्याने कापून सावजाची मानगूट धरतो. जागेवरून वर पंधरा फूट आणि आडवी चाळीस फूट उडी तो मारू शकतो, पण लांबचा पाठलाग त्याला परवडत नाही. हरीण त्याचं मुख्य अन्न. हरणाच्या शिंगाचा किंवा लाथेचा एक फटका बसून पाय निकामी झाला तर त्याची उपासमार ठरलेली, म्हणून जोखीम दिसली की तो बहुतेकदा माघार घेतो.

खालचे सगळे नियम यातूनच येतात. त्याचा डाव न दिसण्यावर उभा असतो. तो तुम्हाला दिसला आणि तुम्ही त्याला पाहिलंय हे त्याला कळलं, की डाव अर्धा मोडलेला असतो. उरलेला अर्धा मोडायचं काम तुमचं, आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याच्यावरची नजर न काढणं.

धोका किती, याचाही अंदाज हवा. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत उत्तर अमेरिकेत पुमाच्या हल्ल्यात मेलेल्या माणसांची संख्या तिशीच्या आसपास आहे. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ डोंगरांत संशोधकांनी शिकार खात असलेल्या पुमांना लपवलेल्या स्पीकरवरून माणसांच्या बोलण्याचे आवाज ऐकवले. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माणसाचा आवाज आला की बहुतेक वेळा पुमा शिकार टाकून पळाले. बेडकांच्या आवाजाने मात्र ते क्वचितच हलले. म्हणजे ट्रेलवर गप्पा मारत चालणं हाच निम्मा बंदोबस्त.

जुन्नर-शिरूरच्या ऊसपट्ट्यातल्या लोकांनी बिबट्याचा अंदाज जसाच्या तसा इथे लावू नये. बिबट्या वस्तीच्या कडेला राहायला सरावलेला आहे, पुमा माणसाला जास्त टाळतो. एक गोष्ट मात्र दोघांत सारखी: उभा माणूस आणि बसलेला किंवा वाकलेला माणूस हे त्यांच्या लेखी वेगळे प्राणी आहेत.

निघण्यापूर्वी

सूर्योदयाच्या आधीचा आणि सूर्यास्तानंतरचा काळ हा हरणांचा आणि म्हणून लायनचा. देशातून आलेले आई-बाबा सवयीने पहाटे पाच-साडेपाचला फिरायला बाहेर पडतात, आणि घर डोंगराच्या पायथ्याशी असेल तर नेमकी तीच वेळ चुकीची. त्यांना घाबरवून सोडायची गरज नाही. उजाडल्यावर जा, दोघे मिळून जा, मोबाइलवरची भजनं कानात न घालता स्पीकरवर लावा, हातात काठी किंवा छत्री ठेवा, एवढं सांगितलं तरी पुरे. इअरफोन घालून एकट्याने धावणं ही या भागातली सगळ्यात वाईट सवय. मागच्या पाचोळ्यातली हालचाल ऐकू येत नाही, आणि धावणारं शरीर पाठलाग करायला उद्युक्त करतं ते वेगळंच.

सामानात एवढं असू द्या: खांद्यापर्यंत उंचीची काठी किंवा ट्रेकिंग पोल, चांगला टॉर्च, जाड गॉझ, दाबपट्टी, एक टूर्निकेट (रक्त थांबवण्यासाठी हातापायाला आवळायचा पट्टा) आणि ते कसं लावायचं याची घरी केलेली तालीम. अनेक दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते. आयफोन १४ किंवा त्यानंतरचा फोन असेल तर उपग्रहावरून आणीबाणीचा संदेश पाठवता येतो, पण त्यासाठी मोकळं आकाश लागतं आणि फोन सांगेल त्या दिशेला धरावा लागतो. त्याचा डेमो फोनमध्येच असतो, तो एकदा करून बघा.

बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलांना हाकलायचा तिखट फवारा, पुमावरही चालतो. विकत घेताना डब्यावर 'बेअर स्प्रे' असं स्पष्ट लिहिलेलं पाहा. पर्समधला छोटा पेपर स्प्रे इथे उपयोगाचा नाही. डबा निदान २२५ ग्रॅमचा, फवारा पंचवीस ते तीस फूट जाणारा आणि सहा-सात सेकंद टिकणारा असावा. एक्स्पायरी तारीख बघा. तीन-चार वर्षांनी डब्यातला दाब उतरतो. आणि तो सॅकच्या आत ठेवू नका. कमरेच्या पट्ट्याला किंवा छातीवरच्या पट्ट्याला, एका हाताने निघेल असा लावा. सॅकची चेन उघडून स्प्रे काढायला जितका वेळ लागतो, तितका वेळ मिळत नाही. विमानात तो नेता येत नाही, चेक-इन सामानातही नाही, त्यामुळे उतरल्यावर तिथेच घ्यावा लागतो. योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये तर तो बाळगायलाच बंदी आहे. जिथे जाणार तिथला नियम आधी पाहून घ्या.

वाटेवरच्या खुणा

पुमाचा ठसा मोठा, तीन ते साडेतीन इंच रुंद, गोलसर. नखं उमटलेली नसतात आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. कुत्र्याच्या ठशात पुढे नखांचे टोचे असतात आणि ठसा दोन्ही बाजूंनी सारखा असतो. दोन इंचांच्या आसपासचा, तसाच नखं नसलेला ठसा बॉबकॅटचा.

ठशापेक्षा महत्त्वाची खूण म्हणजे झाकून ठेवलेली शिकार. पुमा हरीण मारल्यावर थोडं खातो आणि उरलेलं पाचोळा, माती, पाइनच्या काड्या किंवा बर्फ ओढून झाकतो. मग पुढचे काही दिवस तो जवळपासच असतो. वाटेच्या कडेला पाचोळ्याचा विचित्र ढीग, त्यातून बाहेर आलेला खूर, आजूबाजूला कातरल्यासारखे केस, वर घिरट्या घालणारे कावळे-गिधाडं, सडका वास, यातलं काहीही जाणवलं तर फोटो काढायला पुढे जाऊ नका. मालक जवळच आहे असं धरून चाला. आल्या वाटेने, मोठ्याने बोलत, सगळे एकत्र मागे फिरा.

दिसला: अंतर आणि अवस्था वाचणं

दिसल्यावर पहिलं काम म्हणजे थांबणं. पाय थांबवा, मुलांना जवळ ओढा, आणि तो काय करतोय ते पाहा.

तीनशे फुटांपेक्षा लांब आहे आणि आपल्या वाटेने चाललाय: फारसा धोका नाही. मुलं जवळ घ्या, तो जाईपर्यंत थांबा, आणि त्याने ज्या दिशेला तोंड केलंय ती दिशा टाळा.

दीडशे ते तीनशे फुटांवर उभा राहून किंवा बसून तुमच्याकडे बघतोय: कुतूहल असू शकतं. आता बोलायला लागा, जाड आणि ठाम आवाजात. किंकाळी फोडू नका. बारीक, चिरका आवाज जखमी सावजासारखा वाटतो. मोकळ्या जागेच्या दिशेने, तोंड त्याच्याकडे ठेवून, हळूहळू मागे सरका.

दीडशे फुटांच्या आत, रोखून बघतोय, झाडाआड किंवा खडकाआड लपतोय, पुन्हा पुढे सरकलेला दिसतोय: हे दबा धरणं आहे. आता नुसतं मागे सरकून भागत नाही, त्याला आव्हान द्यायची वेळ आली. जॅकेटची चेन उघडून दोन्ही बाजू हातांनी वर पसरा. ओढणी, शाल, पंचा काहीही चालेल. छत्री असेल तर एकदम उघडून समोर धरा. पूर्ण उंचीने उभे राहा, हात वर, आवाज मोठा. हातात असेल ते फेका. पहिला दगड त्याच्या समोरच्या जमिनीवर, तरीही पुढे आला तर सरळ अंगावर.

अंग जमिनीसरसं, कान मागे चपटे, शेपटीचं टोक फटाफटा हलतंय, मागचे पाय जागच्या जागी दाबले जातायत: झेप येणार. स्प्रे सुटायला हवा तो इथे, आणि तोही त्याच्या तोंडाच्या थोडा खाली, म्हणजे फवारा वर उसळून नाकाडोळ्यांत जाईल. वाऱ्याची दिशा बघायला वेळ असेल तर बघा, नसेल तर मारा. थोडा फवारा तुमच्याही डोळ्यांत आला तर ते परवडतं. सगळा डबा एकदम रिकामा करू नका. दोन सेकंदांचा झोत, मग बघा, मग पुन्हा.

आता दगडाचा प्रश्न. वाकणं धोक्याचं असतं, कारण वाकलेला माणूस बुटका आणि चारपायी दिसतो आणि मानगूट उघडी पडते. पण दगड तर हवाच. त्यासाठी कमरेत न वाकता गुडघे मोडून सरळ खाली बसा: पाठ ताठ, हनुवटी वर, डोळे त्याच्यावर, हात चाचपडत बाजूला. दगड मुठीत आला की लगेच उठा. आसपास दोन-तीन माणसं असतील तर एकाने उभं राहून ओरडत राहायचं आणि दुसऱ्याने उचलायचं. त्याहून शहाणपणाचं म्हणजे झुडपांतून जाणाऱ्या अरुंद वाटेवर आधीच लिंबाएवढे दोन दगड खिशात ठेवणं.

डोळ्यांत डोळे घालू नयेत असं अस्वलांबद्दल सांगतात, आणि लोक तो नियम इथे आणतात. तसंच 'मेल्याचं सोंग घ्या' हा सल्ला. ग्रिझली अस्वल स्वसंरक्षणासाठी हल्ला करतं तेव्हा तो कामाचा. पुमापुढे आडवं पडणं म्हणजे त्याचं काम सोपं करून देणं. इथे नजर भिडवायची आणि उभंच राहायचं.

झाडावर चढणं निरुपयोगी, तो तुमच्यापेक्षा चांगला चढतो. गाडी जवळ असली तरी तिच्याकडे धाव घेऊ नका; तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरकत जा, दार उघडून मुलांना आत घाला, शेवटी तुम्ही. त्याला पळायला वाट ठेवायला विसरू नका. दरीच्या भिंतीशी किंवा कुंपणाच्या कोपऱ्यात कोंडलेला लायन माघार घेणार कुठे?

गेला म्हणजे संपलं नाही

ही बाजू पाट्यांवर नसते. मे २०१८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या नॉर्थ बेंडजवळ दोन सायकलस्वारांच्या मागे लायन लागला. त्यांनी सायकली थांबवल्या, आरडाओरडा केला, सायकलचा फटकाही दिला, आणि तो झाडीत गेला. ते अजून तिथेच होते तेवढ्यात तो परत आला आणि एकाचं डोकं त्याने जबड्यात धरलं. दुसरा पळाला तसा लायन पहिल्याला सोडून पळणाऱ्याच्या मागे गेला, आणि तो माणूस वाचला नाही. त्या राज्यात चौऱ्याण्णव वर्षांत असा मृत्यू झाला नव्हता. पळणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, शरीर तसंच करतं. म्हणून तर आधीपासून डोक्यात पक्कं असावं लागतं: तो दिसेनासा झाला की 'हुश्श' करून पाणी प्यायला बसायचं नाही. सगळ्यांनी एकत्र, एकाची नजर मागे ठेवून, बोलत, मोकळ्या भागातून निघायचं आणि गाडीपर्यंत हा क्रम मोडायचा नाही.

आणि हेही खरं, की सगळं बरोबर करूनही घात होऊ शकतो. मार्च २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जॉर्जटाउनजवळ दोन भावांवर हल्ला झाला, त्यात एकाचा जीव गेला. त्या राज्यातला तो वीस वर्षांतला पहिला मृत्यू. नियमांनी धोका कमी होतो. शून्य होत नाही.

मादी आणि बछडी

ठिपके असलेली, मांजराएवढी पिल्लं वाटेवर दिसली तर मागे व्हा, लगेच. ऑक्टोबर २०२० मध्ये युटातल्या प्रोव्होजवळच्या स्लेट कॅन्यनमध्ये एका धावणाऱ्याने असाच प्रसंग मोबाइलवर टिपला. मादी सुमारे सहा मिनिटं त्याच्या मागे येत राहिली आणि मध्येच पुढचे पंजे आपटत हूल देत राहिली. तो मोठ्याने बोलत, तोंड तिच्याकडे ठेवून मागे चालत राहिला. शेवटी त्याने दगड उचलून फेकला तेव्हा ती वळली.

यात वाचण्यासारखं बरंच आहे. दबा धरणारा लायन लपतो. ही मादी उघड्यावर, आवाज करत, हूल देत येत होती. तिला तो माणूस खायचा नव्हता, पिल्लांपासून लांब घालवायचा होता. अशा वेळी तिच्यावर चाल करून जाऊ नका. अंतर वाढवणं हेच दोघांच्या हिताचं. पण पाठ मात्र इथेही दाखवायची नाही, आणि हूल आली की आवाज वाढवायचा.

मुलं, कुत्रा, सायकल

लहान मुलं आकाराने सावजाजवळची असतात, त्यांची हालचाल अचानक आणि आवाज बारीक. कॅलिफोर्नियात फेब्रुवारी २०२० मध्ये क्युपर्टिनोजवळच्या रांचो सान अँटोनियो पार्कमध्ये सहा वर्षांच्या मुलीवर आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मालिबू क्रीक पार्कमध्ये पिकनिकला आलेल्या पाच वर्षांच्या मुलावर हल्ला झाला. दोघंही वाचली, आणि दोन्ही वेळा मोठी माणसं जवळ होती. रांचो सान अँटोनियो म्हणजे बे एरियातल्या मराठी घरांची नेहमीची रविवारची जागा. मुलं पुढे पळत जाऊन वळणावर 'भॉ' करायला लपतात, तेवढं तिथे बंद करा. एक मोठा पुढे, एक मागे, मुलं मध्ये, आणि वळणावर मोठा माणूस पहिला.

लायन दिसल्यावर लहान मूल उचलायचं असेल तर दगडाच्या वेळी सांगितलं तसंच: गुडघे मोडून, नजर वर. मोठ्या मुलाला उचलण्याऐवजी तुमच्या मागे, तुमचा शर्ट धरून उभं करा. 'माझ्या मागे उभा राहा' हे वाक्य घरी खेळात दोन-तीनदा करून घ्या. आणीबाणीत मुलं पहिल्यांदाच ऐकलेलं ऐकत नाहीत.

कुत्रा सहा फुटांच्या साध्या दोरीवर हवा. आपोआप लांब सुटत जाणारी लीश नको, कारण ती नेमकी नको तेव्हा सुटते. मोकळा कुत्रा लायनला शोधून काढतो, घाबरतो आणि तुमच्याकडे पळत येतो, त्याच्यामागे लायन. कुत्र्याला ओढून पायाशी घ्या. त्याला लायनने धरलंच तर झटापटीत हात घालायचा की नाही हा निर्णय तुमचा. आमच्या मते स्प्रे आणि दगड लांबूनच वापरावेत.

सायकलवर असाल तर उतरा आणि सायकल मध्ये धरा. ती ढाल आहे, आणि वेळ पडल्यास हत्यारही. सायकलने लायनला मागे टाकता येईल अशा भ्रमात राहू नका. जोरात हाकलेली सायकल त्याच्या लेखी पळणारं सावजच.

अंगावर आलाच तर

लढायचं. शेवटपर्यंत. यात पर्याय नाही.

तो मानगूट आणि डोकं शोधतो, म्हणून हनुवटी छातीशी, खांदे वर, एक हात मानेमागे. पाठीवर सॅक असेल तर ती काढू नका, मानेखालच्या भागाला तेवढंच कवच. शक्य तोवर पायांवर राहा. पडलात तर कुशीवर वळून, मान झाकून, उठायची धडपड करा. मारायचं ते डोळ्यांवर आणि नाकावर. दगड मुठीत धरून ठोका, काठीचं टोक डोळ्यांत खुपसा, अंगठा चालेल, किल्ली चालेल. स्प्रे हाताशी असेल तर अगदी जवळूनही मारा. त्याच्या बरगड्यांवर मारलेले ठोसे वाया जातात.

फेब्रुवारी २०१९ मध्ये कोलोरॅडोतल्या हॉर्सटूथ डोंगरावर एका धावणाऱ्याने अंगावर आलेल्या लहान वयाच्या लायनला खाली दाबून, मानेवर पाय देऊन गुदमरवलं. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलाबासासजवळ अंगणातून मुलाला ओढून नेणाऱ्या लायनला आईने नुसत्या हातांनी बडवून सोडायला लावलं. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या फॉल सिटीजवळ पाच सायकलस्वार स्त्रियांपैकी एकीचा जबडा लायनने धरला, तेव्हा बाकीच्यांनी काठ्या-दगडांनी झुंज देऊन साधारण पंधरा मिनिटांनी तिला सोडवलं. मग सायकल त्याच्यावर आडवी टाकून, वर उभं राहून अधिकारी येईपर्यंत त्यांनी त्याला दाबून धरलं. दुसऱ्यावर हल्ला झाला तर पळू नका, जवळ जाऊन मारा. पुमा तोंडातलं सोडायला तयार नसतो, तेव्हा एक-दोन फटक्यांनी काही होत नाही म्हणून थांबू नका.

जखम झाल्यावर

आधी ९११, म्हणजे अमेरिकेतला आणीबाणीचा नंबर. मग रक्त. हातापायाच्या जखमेतून रक्त उसळत असेल तर टूर्निकेट जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत घट्ट. प्रचंड दुखेल, तरी सैल करू नका, आणि लावल्याची वेळ कपाळावर किंवा पट्टीवर लिहा. मान, काख, जांघ इथे टूर्निकेट चालत नाही. गॉझ जखमेत कोंबून हाताने सतत दाबून धरा. मानेभोवती पट्टी गुंडाळू नका.

मांजरकुळातल्या दातांची जखम वरून बारीक आणि आत खोल असते. वरून रक्त थांबलं म्हणजे झालं असं समजू नका. अशा भोकांत पाश्चुरेला हा जिवाणू काही तासांत जोर धरतो. किरकोळ जखमा वाहत्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, पण चिकटवू किंवा शिवू नका, ते डॉक्टरांना ठरवू द्या. अँटिबायोटिक, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीजची लस लागेल. रेबीजची लस आधी कधीच घेतली नसेल तर पहिल्याच दिवशी जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) आणि मग ०, ३, ७, १४ व्या दिवशी लस असा क्रम असतो. लहानपणी गावात कुत्रं चावल्यावर लशीचा पूर्ण कोर्स झाला असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगा. तसा पुरावा असल्यास दोन डोसांत भागतं आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

फाटलेले कपडे धुऊ नका, टाकू नका. कागदी पिशवीत ठेवा आणि वन्यजीव विभागाला द्या. त्यावरच्या लाळेतून हल्ला खरोखर पुमाने केला का आणि नेमक्या कुठल्या, हे ओळखता येतं, आणि निरपराध जनावर मारलं जात नाही. नुसता लांबून दिसला असेल तर ९११ ला फोन नको. राज्याच्या वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावर जागा आणि वेळ नोंदवा.

तंबू, अंगण, शेळ्या

तंबू झाडीच्या कडेला किंवा हरणांच्या पाणवठ्याच्या वाटेवर टाकू नका. रात्री लघवीला एकट्याने टॉर्चशिवाय जाऊ नका. आधी चारी बाजूंनी प्रकाश फिरवा, डोळे चमकतात.

घराभोवती लायन येतो तो हरणांमागे. गुलाब आणि जास्वंद हरणांना फार आवडतात. लावाच, पण जाळीआड लावा. हरणांना खायला घालणं कॅलिफोर्नियात बेकायदा आहे, आणि जिथे नाही तिथेही मूर्खपणाचं. दारापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून तीस-चाळीस फुटांतली दाट झुडपं कमरेखाली छाटा. पाळीव प्राण्यांचं खाणं रात्री बाहेर ठेवू नका, कारण त्यावर रॅकून येतात आणि रॅकूनमागे लायन.

शेळ्या, मेंढ्या, अल्पाका (उंटाच्या कुळातलं, लोकरीसाठी पाळलं जाणारं जनावर) पाळणाऱ्यांनी कुंपणावर विसंबू नये. नोव्हेंबर २०१६ मध्ये मालिबूच्या एका रँचवर एकाच रात्रीत दहा अल्पाका मारल्या गेल्या. खाण्यासाठी एक पुरते; पण कोंडलेली जनावरं पळू शकत नाहीत, सैरावैरा होतात, आणि प्रत्येक धडपडीला शिकाऱ्याची झेप पुन्हा चेतवली जाते. खात्रीचा उपाय एकच आहे: रात्री छप्पर असलेला बंद गोठा. बाजूंना आणि वरही दोन बाय चार इंची चौकोनांची जाड वेल्डेड जाळी, मजबूत वाशांवर ठोकलेली. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी पातळ जाळी तो पंजाने फाडतो. दाराला एका धक्क्यात न उघडणारी कडी, आणि दिवस मावळायच्या आत जनावरं आत. छप्पर शक्यच नसेल तर कुंपण निदान दहा फुटी, आणि बाहेरच्या बाजूला त्याला चढायला झाड किंवा रचलेली लाकडं नकोत.

राखणदार कुत्री, विशेषतः ग्रेट पायरेनीज आणि अनाटोलियन जातीची, दोन किंवा अधिक ठेवावीत. एकटं कुत्रं स्वतःच सावज होतं. लुकलुकणाऱ्या दिव्यांचाही उपयोग होतो. चिलीच्या उंच पठारावर लामा-अल्पाकांच्या कळपांवर झालेल्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, अशा दिव्यांनी पुमापासून संरक्षण मिळालं; कोल्ह्यांपासून नाही. दिव्यांची जागा अधूनमधून बदलत राहा, एकाच जागी लावलेल्या दिव्याची सवय होते.

जनावर मारलं गेलंच तर बंदूक काढण्याआधी कायदा बघा. कॅलिफोर्नियात १९९० च्या सार्वमतापासून पुमा विशेष संरक्षित आहे. जीवावर बेतलेला प्रसंग सोडला तर परवान्याशिवाय त्याला मारता येत नाही, आणि काही भागांत परवान्याआधी न मारण्याचे उपाय करून दाखवावे लागतात. कोलोरॅडो, युटामध्ये नियम वेगळे. मेलेलं जनावर हलवू नका, ताडपत्री टाकून तसंच ठेवा, मानेवरच्या दातांच्या खुणांचे शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि वन्यजीव अधिकाऱ्याला लगेच फोन करा. पुमा बहुधा दुसऱ्या रात्री त्याच शिकारीवर परत येतो, म्हणून उरलेली जनावरं त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत, छपराखाली गेलीच पाहिजेत, मग त्यासाठी गॅरेज रिकामं करावं लागलं तरी चालेल.